खाचेत विझणारी सिगरेट

१

मोठा मिस्त्री शनिवारी दुपारी साडेचारच्या सुमारास माळ्यावर झोपेतच गुदमरून मेला, आणि सोमवारी सकाळी मी पोचले तोवर त्याला कुणी मारलं हे सगळ्यांचं ठरूनही गेलं होतं.

लाकडी फर्निचरचा कारखाना. पुढे शोरूम, मधे सुतारकाम, मागच्या बाजूला पॉलिशची खोली. त्या खोलीतूनच एक जिना माळ्यावर जायचा आणि शनिवारी अर्धा दिवस भरला की मिस्त्री वर जाऊन ताणून द्यायचा. खाली आग लागली, धूर वर गेला. म्हातारा उठलाच नाही.

अग्निशमन खात्यात आग कशी लागली हे शोधण्याचं काम मी चोवीस वर्षं करते आहे. लोक मला तोंडावर मॅडम म्हणतात आणि पाठ फिरली की राखवाली. दोन्हीचा मला राग येत नाही. राग येतो तो मी काही बघायच्या आत मला उत्तर सांगणाऱ्यांचा.

"त्यात तपास काय करायचाय?" कारखान्याचा मालक दारातच म्हणाला. मला ना नमस्कार, ना खुर्ची. "पॉलिशवाल्यानं सिगरेट पेटती ठेवली आणि घरी गेला. संध्याकाळी पाचपर्यंत तुमचा कागद द्या, म्हणजे पोलीस त्याला आत टाकतील. आमचा माणूस गेलाय हो."

"माणूस गेला तर दोन दिवस थांबता येतं," मी म्हटलं. "पाचची घाई कुणाला आहे?"

घाई पोलिसांनाही होती. पॉलिशवाल्याला ताब्यात ठेवायची कोर्टानं दिलेली मुदत पाचला संपत होती. मी निष्काळजीपणा लिहिला असता तर तो एका मरणाचा गुन्हेगार ठरून तुरुंगात गेला असता. त्यात तो मेलेल्या मिस्त्रीचा सख्खा जावई. सासरा-जावई चार वर्षं एकाच छपराखाली काम करत होते आणि एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हते.

मालकानं मला पॉलिशच्या टेबलापाशी नेलं. टेबलाचा माथा जळून काळा झाला होता, हात लावला की खवले निघत होते. बरोबर मधोमध एक स्टीलचं स्टँड उभं होतं. पंचनाम्यात त्याचा फोटो निघाला होता.

"हे घ्या. सगळा कारखाना ओळखतो, त्याचंच आहे."

वस्तू साधी होती पण डोकं लावून केलेली. बोटभर रुंदीच्या तीन पट्ट्या, बिजागरीनं जोडलेल्या. उघडली की दोन पट्ट्यांचा छोटा तंबू होतो, माथ्यावर सिगरेट टेकवायला एक अरुंद खाच, आणि तिसरी पट्टी खाली राख झेलते. मिटली की काडेपेटीहून पातळ, शर्टाच्या खिशात जाते. घट्ट बिजागरी, घासलेल्या कडा. करणाऱ्याचा हात चांगला होता.

मी चिमट्यानं स्टँड उचललं आणि खालचं लाकूड पाहिलं. मग स्टँड उलटं केलं. पट्ट्यांच्या बाहेरच्या बाजूंना काजळी होती, एका बाजूला मिरीएवढा काळा थेंब चिकटला होता, आणि कडेला काजळी खरवडून एकसारख्या आडव्या रेघा उमटल्या होत्या. आतल्या बाजू मात्र लख्ख होत्या, इतक्या की माझं नाक दिसलं.

"काय झालं?" मालकानं विचारलं.

"तुमच्याकडे सिगरेट आहे का?"

"मी ओढत नाही."

"मग गप्प उभे राहा," मी म्हटलं आणि स्टँड पिशवीत टाकलं.

२

पॉलिशवाला मागच्या अंगणात एका फळीवर बसला होता, शेजारी हवालदार. चाळिशीचा, सुकलेला माणूस, नखांत तेलाचा तपकिरी रंग कायमचा बसलेला. मला बघून तो उठला नाही.

"लिहायचं ते लिहा," तो म्हणाला. "मी सांगून उपयोग आहे का? शनिवारपासून पाच जणांना सांगितलं. पाचही जणांनी मान हलवली आणि दुसरंच लिहिलं."

"मी सहावी. माझी मान सहसा हलत नाही."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. आवडले नाही त्याला मी. पण बोलायला लागला.

"खोलीत मी कधीही ओढत नाही. ओढायची असली की इथं येतो, त्या भिंतीवर स्टँड उघडतो, सिगरेट टेकवतो. दोन झुरके मारायचे, आत जाऊन एक हात फिरवायचा, परत यायचं. भुशाच्या कारखान्यात सिगरेट कुठंही ठेवून चालत नाही, म्हणून तर ते बनवलं. त्या खाचेत ठेवलेली सिगरेट वाऱ्यानं घरंगळत नाही आणि विसरली तरी खाचेपाशी येऊन विझते. स्टील गरमी ओढून घेतं. बघा करून."

"शनिवारी?"

"बाराला शेवटची ओढली. स्टँड मिटलं आणि कामाच्या शर्टाच्या खिशात टाकलं. साडेबाराला शर्ट उतरवून दाराजवळच्या खिळ्याला अडकवला, हात धुतले आणि निघालो."

"मग ते टेबलावर कसं आलं?"

"ते तुम्ही सांगा. पगार तुम्हाला मिळतो."

खोलीत दाराजवळ खिळा होता. खाली शर्टाची राख होती आणि ती पायानं विस्कटलेली होती. हे मी येताना पाहिलं होतं, पण त्याला सांगितलं नाही. मी भिंत पाहायला उठले. भिंतीवर सिगरेटच्या राखेचे जुने डाग होते, म्हणजे तेवढं तरी खरं होतं. भिंतीपासून खांबापर्यंत एक तार ताणलेली होती आणि तारेवर लाकडी चिमटे रांगेनं लावलेले. मी मोजले, अठरा.

"हे कशाला?"

"पॉलिशच्या चिंध्या वाळत घालायला. रोज घालतो, एकेक सुटी, पसरून. शनिवारीही घालूनच..."

तो मधेच थांबला. शनिवारी संध्याकाळी त्याला घरून उचललं होतं आणि आज पहिल्यांदा तो या अंगणात आला होता. इतका वेळ तो पाठ करून बसला होता, आता मान वळवून त्यानं तारेकडे पाहिलं. चिमटे अठरा होते. चिंधी एकही नव्हती.

त्याचा चेहरा बघता बघता पांढरा पडला.

"काय आठवलं?" मी विचारलं.

"काही नाही."

"चिंध्या कुणी काढल्या?"

"मला काही माहीत नाही. मी निघालो होतो. माझं बोलून झालं, बाई. तुम्ही जा."

मी दटावून पाहिलं, गोडीनं पाहिलं, हवालदाराला लांब पाठवून पाहिलं. तो माणूस तोंड शिवल्यासारखा बसून राहिला. इतका वेळ आपण निर्दोष म्हणून भांडणारा माणूस स्वतःला सोडवणारी गोष्ट सापडताच गप्प का बसतो? मला तो खोटारडा वाटला नाही. घाबरलेला वाटला आणि तेही स्वतःसाठी नाही.

३

त्याची बायको दोन गल्ल्या सोडून बापाच्या घरी राहत होती. नवऱ्याला सोडून सहा महिने झाले होते. तिनं दार उघडलं पण उंबऱ्यातून हलली नाही, तेव्हा आमचं अर्धं बोलणं दारातच झालं.

"त्याला कधी टाकणार आत?" हा तिचा पहिला प्रश्न.

"तुमचा नवरा आहे तो."

"होता. लग्नाआधी बाबांनी एकच अट घातली होती, सिगरेट सोड. यानं माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, सोडली. साडेतीन वर्षं मी सगळ्यांना अभिमानानं सांगत होते, माझ्या नवऱ्यानं सोडली म्हणून. बाबा म्हणायचे, तो ओढतोय, कारखान्यात सगळे बघतात. मी बाबांशी भांडायचे! आणि मग एक दिवस शर्ट धुवायला घेतला तर खिशात ते मेलं स्टँड. किती निगुतीनं बनवलेलं. खोटं बोलायला सुद्धा यानं वस्तू तयार केली बघा. मला सिगरेटचं काही नाही हो. मला खोटं खपत नाही."

ती बोलताना रडत नव्हती. डोळे कोरडे आणि लाल होते.

"पोलिसांना तुम्ही सांगितलंत की शनिवारी तो टेबलापाशी सिगरेट ओढत होता."

"हो."

"कधी पाहिलंत?"

"बाबांना डबा द्यायला गेले तेव्हा. साडेबाराला."

"तो तर तेव्हा निघत होता."

ती अडखळली. "फाटकात भेटला. मी तोंड फिरवलं."

"म्हणजे टेबलापाशी पाहिलं नाहीत."

"त्यानंच केलंय!" ती एकदम ओरडली. "दुसरं कोण ओढतं तिथं? मी पाहिलं काय, न पाहिलं काय! माझा बाप गेला, तुम्हाला वेळा मोजायच्या आहेत!"

खोटं खपत नाही म्हणणारी बाई माझ्यासमोर खोटं बोलताना पकडली गेली होती. मी ते तिला तोंडावर सांगितलं. तिनं दार लावून घेतलं असतं, पण मी पाय मधे घातला होता. या कामात चपला जाड लागतात.

"तुम्ही पोचलात तेव्हा बाबा काय करत होते?"

"मागची घाण काढत होते. मालकानं सांगितलं होतं, संध्याकाळी मोठं गिऱ्हाईक येणार आहे, अंगण नीट दिसू दे. सुट्टी झाल्यावरही त्या माणसाला राबवून घेतलं."

"घाण म्हणजे?"

"याच्या त्या चिंध्या. तेलकट, पिवळ्या, तोरणासारख्या लोंबत होत्या. बाबांना ते बघवायचंच नाही. पॉलिशचा बोळा कधी उघड्यावर टाकायचा नाही, झाकून ठेवायचा, हे त्यांनी मला लहानपणी शिकवलंय."

मग का कोण जाणे, ती मला आत घेऊन गेली. बापाची हत्यारांची जुनी पेटी कोपऱ्यात होती. तिनं त्यातून एक घट्ट झाकणाचा डबा काढला आणि माझ्या हातात दिला. आत लाखेच्या पॉलिशचे तीन बोळे, लोण्यासारखे मऊ. स्पिरिटचा वास.

"उघडा राहिला तर दगड होतो," ती म्हणाली. "बाबा त्यात पक्के होते. एक बोळा वाया जाऊ द्यायचे नाहीत."

मी तो डबा हातात धरून उभी राहिले. लाखेच्या पॉलिशसाठी ते शहाणपण ठीक होतं. पण पॉलिशवाला लाखेचं काम करतच नव्हता. त्याच्या नखांतला रंग लाखेचा नव्हता, तेलाचा होता.

४

परत आले तेव्हा दोन वाजले होते. मी सरळ माळ्याच्या जिन्याखाली घुसले. टेबल वरवर जळलं होतं, इथं मात्र जमिनीची फळी आरपार गेली होती आणि जिन्याच्या खालच्या पायऱ्यांचा मागमूस नव्हता. राख उकरल्यावर चार लोखंडी कोपरे सापडले, लाकडी पेटीला ठोकतात तसले, आणि त्यांच्यामधे एक काळी, टणक, थर बसलेली ढेप. फोडली तर आत कापडाचे पदर दिसत होते.

आग टेबलावर लागलीच नव्हती.

मालकीणबाई शोरूममागच्या खोलीत खुर्चीला कापड चढवत होत्या. कारखान्यात मढवायचं काम त्या स्वतः करायच्या, उत्तम करायच्या, आणि दुसऱ्या कुणाला त्या हत्यारांना हात लावू द्यायच्या नाहीत. मृत्यूला दोन दिवस झाले होते, पण ऑर्डर थांबली नव्हती.

"झालं का तुमचं नाक खुपसून?" मान वर न करता त्या म्हणाल्या.

"थोडं राहिलंय. शनिवारी बंब गेल्यावर खोलीची किल्ली कुणाकडे होती?"

"माझ्याकडे. मग? चोरीला काय होतं, कोळसा?"

त्यांनी पकडीनं कापडाची कड धरली, ताणली, खिळा मारला. रुंद जबड्याची पकड. जबड्याला आडवे दाते. कापडावर दात्यांची एकसारखी रेघारेघांची खूण उमटली. मी ती खूण बघत राहिले. अशीच खूण मी सकाळी दुसरीकडे पाहिली होती.

"मालकांना बोलवा," मी म्हटलं. "आणि कुणाकडून तरी सिगरेटचं पाकीट मागवा."

हवालदारानं स्वतःच्या खिशातून काढून दिलं आणि दुसरीकडे बघायला लागला. स्टँड मी पुसलं नाही, तसंच कागदावर उघडं ठेवलं. सिगरेट पेटवली, खाचेत टेकवली आणि खुर्ची ओढून बसले. मालक, मालकीणबाई आणि हवालदार उभे. सिगरेट जळत जळत खाचेपाशी आली, लाल टोक काळवंडलं आणि धूर थांबला. दुसरी लावली. तीही तिथंच विझली. तिसरी लावायला निघाले तेव्हा मालकाचा तोल गेला.

"हा काय खेळ लावलाय? आमच्या जिवावर उठलात का? एका फालतू माणसाला वाचवायला आम्हाला..."

"तुम्हाला काय?" मी विचारलं.

मालकीणबाईंनी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिच्यात नवरा-बायकोचं प्रेम औषधालाही नव्हतं.

"चारला सगळे शोरूममधे जमा," मी सांगितलं. "पॉलिशवाल्यालाही आणा. आणि त्याच्या बायकोलाही."

५

विकायला ठेवलेल्या नव्याकोऱ्या खुर्च्यांवर आम्ही बसलो. मालक आणि मालकीणबाई एका बाजूला, दोन खुर्च्या सोडून मिस्त्रीची मुलगी, आणि समोर, दाराशी, पॉलिशवाला. नवरा-बायकोनं एकमेकांकडे बघितलं नाही. मला घाई होती, मी सुरुवात केली.

"हे स्टँड टेबलावर उघडं सापडलं. आगीच्या वेळी ते तिथं असतं तर पायांखालचं लाकूड झाकलं जाऊन कमी जळलं असतं. तसं नाही. खालचं लाकूड आजूबाजूइतकंच जळलंय, आणि पाय राखेच्या वर टेकलेत. आधी टेबल जळलं, मग स्टँड आलं.

"दुसरं. बाहेरून काजळी, आतून लख्ख. उघडं असतं तर धूर दोन्हीकडे बसला असता. म्हणजे आग लागली तेव्हा ते मिटलेलं होतं. बाहेर चिकटलेला हा थेंब म्हणजे वितळलेलं बटण. मिटलेलं स्टँड शर्टाच्या खिशात, शर्ट खिळ्याला. पॉलिशवाला म्हणाला तसंच. शर्ट जळला, स्टँड खाली पडलं. ती राख कुणीतरी पायानं विस्कटलीय."

"बंबवाल्यांनी," मालक म्हणाला.

"बंबवाले पट्ट्या उघडत बसत नाहीत. उष्णतेनं बिजागरी धरली होती, हातानं उघडेना. म्हणून उघडणाऱ्यानं पकड लावली." मी स्टँडची कड त्यांच्यापुढे धरली. काजळी खरवडून आडव्या रेघा उमटल्या होत्या, एकसारख्या, रुंद जबड्याच्या. "सुताराची पकड अरुंद असते. एवढ्या रुंद जबड्यानं इथं फक्त कापड ताणतात. आणि ते हत्यार मालकीणबाई कुणाच्या हातात देत नाहीत. बंबाच्या साहेबांनी शनिवारी विचारलं असेल, इथं कुणी सिगरेट ओढतं का? तेवढं पुरलं तुम्हाला. बरोबर ना?"

मालकीणबाईंनी मान फिरवली.

"आता आग. पॉलिशवाला जवसाच्या तेलाचं काम करतो. त्या तेलाच्या चिंध्या पसरून वाळवल्या तर काही होत नाही. एकावर एक कोंबून ठेवल्या तर तेल वाळताना आतल्या आत तापतं, गरमी बाहेर जात नाही, आणि तीन-चार तासांत चिंध्या आपोआप पेटतात. काडी लागत नाही, सिगरेट लागत नाही. त्या दिवशी कुणीतरी चिंध्या तारेवरून काढून लाकडी पेटीत भरल्या आणि पेटी जिन्याखाली ठेवली. एक वाजता ठेवली, साडेचारला आग. पॉलिशवाल्यानं तुम्हाला याबद्दल कधी सांगितलं होतं, मालक?"

दाराशी बसलेला पॉलिशवाला जमिनीकडे बघत होता.

"मी त्याच्यासोबतच्या दोन सुतारांना विचारलं. तीनदा सांगितलं त्यानं. चिंध्यांसाठी पाण्याचं पत्र्याचं पिंप द्या म्हणून. तुम्ही म्हणालात, नाटकं करू नको. आणि शनिवारी तुम्हीच हुकूम सोडलात की ते तोरण उतरवा. ज्याला ते काम सांगितलंत तो लाखेच्या पॉलिशवर वाढलेला माणूस. बोळा झाकून ठेवायचा एवढंच त्याला आयुष्यभर माहीत. तुमच्या बायकोला हे कळलं, आणि तुम्हाला, नवऱ्याला वाचवायला तिनं खापर फोडायला डोकं शोधलं."

"वाचवायला?" मालकीणबाई उसळून उभ्या राहिल्या. "याला वाचवायला मी बोट हलवणार नाही! हा कारखाना माझ्या हातांनी उभा राहिलाय! हा बंद पडला तर वीस घरं बसतील. एका थापाड्या पॉलिशवाल्यापायी? हो, मी उघडलं ते स्टँड. आणि आम्ही एकटेच का? चिंध्या आम्ही भरल्या का?" त्यांनी हात लांब करून मिस्त्रीच्या मुलीकडे बोट दाखवलं. "हिनं भरल्या! बापानं काढल्या आणि हिनं पेटी धरली. वर पायानं दाबून बसवल्या, मी खिडकीतून पाहिलं! हिला विचारा ना, राखवालीबाई! बापाला कुणी मारलं ते हिला विचारा!"

६

मला त्या बाईच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि आपण इतका वेळ हे न सांगता कसं निभावणार होतो याचीही लाज वाटली. कारण मला ते दुपारपासून कळलं होतं. म्हाताऱ्यानं एकट्यानं भरलेल्या चिंध्या इतक्या टणक दबत नाहीत. मी ते माझ्या कागदात कसंबसं गाळायच्या विचारात होते, आणि चोवीस वर्षांत मी असं कधी केलं नव्हतं.

मुलगी खुर्चीत ताठ बसली होती. हळूच तिनं स्वतःच्या पायाकडे पाहिलं, उजव्या. मग पहिल्यांदा नवऱ्याकडे मान वळवली.

"तुला ठाऊक आहे पॉलिशचं," ती म्हणाली. आवाज अगदी लहान होता. "चिंध्यांनी आग लागते? हे खरंय?"

पॉलिशवाला उठला. सकाळी तारेकडे बघून तो गप्प का झाला ते मला आता कळलं. फाटकातून त्यानं तिला मागच्या अंगणाकडे जाताना पाहिलं होतं.

"काहीतरीच," तो म्हणाला. "चिंध्यांनी कुठं आग लागते? वीस वर्षं हे काम करतोय. या बाईंना राखेतलं कळतं, तेलातलं नाही." मग तो माझ्याकडे वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतका राग होता की मी नकळत मागे सरले. "सिगरेट मी ठेवली. टेबलावर, स्टँडशिवाय, नुसती. विसरलो. लिहा. माझं नाव लिहा आणि संपवा."

"अरे बाबा, तू सुटलास!" हवालदार न राहवून म्हणाला.

"मी सांगतोय ना मी ठेवली! माझ्यामुळे गेला तो. हिचा काय संबंध? ही तर डबा द्यायला आली होती."

मालक घाईघाईनं म्हणाला, "ऐका, कबूल करतोय तो, लिहून घ्या!" साक्षीदार काहीही बोलो, माझे पुरावे होते तसेच राहणार होते. पण कबुली दिलेल्या माणसाला पोलीस सोडत नाहीत, आणि पाचला दहा मिनिटं कमी होती. एका तोंडच्या वाक्यावर तो वर्षानुवर्षं आत जायला तयार होता. चार वर्षांत एक सिगरेट सोडायला तयार झाला नाही, असला माणूस.

मिस्त्रीची मुलगी उठली. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ त्याचं तोंड निरखत राहिली. तो डोळे चुकवत होता.

"खोटारडा," ती म्हणाली.

"मी खरं..."

"गप्प बस. खोटं बोलताना तुझा डावा डोळा मिचकतो. लग्नात मिचकला होता, मला तेव्हा कळलं नाही. आता कळतंय." तिनं तोंडावरून हात फिरवला. "मॅडम, लिहा. पेटी मी धरली. मागच्या शेडमधून रिकामी पेटी मीच आणली, बाबांना वाकायला नको म्हणून. चिंध्या मावेनात तर मी पायानं दाबल्या. याला टेबलापाशी सिगरेट ओढताना मी पाहिलं नाही. ते मी रागानं सांगितलं होतं, ते खोडा."

"नको लिहू तिचं," तो मला म्हणाला. मला अरेतुरे करतोय याचंही त्याला भान नव्हतं. "तिला जन्मभर पुरेल ते."

"पुरू दे," ती म्हणाली. "माझा बाप आहे. मला पुरायलाच हवं. आणि तू पुन्हा माझ्यासाठी खोटं बोललास तर याद राख."

मी लिहिलं. मालकाचा हुकूम लिहिला, तीनदा नाकारलेलं पिंप लिहिलं, मालकीणबाईंची पकड लिहिली. मिस्त्रीच्या मुलीनं वडिलांना मदत केली आणि धोक्याची तिला कल्पना नव्हती, हेही लिहिलं, कारण तेही खरं होतं. पाचला दोन मिनिटं असताना हवालदारानं कागद नेला. मालकीणबाई नवऱ्याला शिव्या देत होत्या आणि तो त्यांना. त्यांच्याकडे बघायची मला इच्छा नव्हती.

पॉलिशवाला मोकळा होता, पण जागचा हलला नाही. त्याची बायको दारापर्यंत गेली आणि चौकट धरून उभी राहिली. तो पुढे झाला तसा तिनं हात झटकला. दोघं तशीच उभी राहिली, हातभर अंतरावर. मग ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "बाबांना अजून शवागारात ठेवलंय. सही करायला दोन माणसं लागतात. चल."